होल्डवाले काका

पिंपळे गुरवमध्ये सूर्य रोज उगवतो. पण आमच्या शेजारच्या काकांनी गच्चीवर जाऊन खात्री केल्याशिवाय तो उगवला असं मानायची आमच्या सोसायटीत पद्धत नाही. चाकणच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी माल तपासला. संशय आला की त्या नगाला ‘होल्ड’ची पिवळी चिठ्ठी बांधायची, एवढंच त्यांचं काम. हिरवी ‘पास’ची चिठ्ठी लावायचा अधिकार साहेबांचा, काकांना तो शेवटपर्यंत मिळाला नाही. निवृत्त होताना उरलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या त्यांनी घरी आणल्या आणि साऱ्या जगाला बांधत सुटले. लिफ्टला बांधली, दुधाच्या पिशवीला बांधली, मी राहायला आलो त्या दिवशी माझ्या दाराच्या कडीलाही बांधली. कुणी ‘जय भीम, काका’ म्हटलं तरी आधी चष्मा लावून माणूस बघतात, मग उत्तर देतात.

दर रविवारी विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही दोघं मुलांचे अर्ज भरून देतो. मी प्राणिशास्त्राचा मास्तर, म्हणून विज्ञान माझ्याकडे आणि संशय त्यांच्याकडे. मागच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यांची मुमताज एम.एस्सी. करत होती. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी जैववैद्यकीय संशोधनाचं वर्षभराचं प्रशिक्षण असल्याची जाहिरात ती घेऊन आली, तेव्हा काकांनी कागद उजेडात धरला. “राहणं फुकट, जेवण फुकट, वर विद्यावेतन? सर, हे पोरीला प्रयोग शिकवणारेत की पोरीवर प्रयोग करणारेत?” तिची निवड झाली, तर स्वतः सोडायला गेले. वसतिगृहाचे नळ, खिडक्यांच्या कड्या, सगळं बघून आले आणि मला म्हणाले, “काही सापडलं नाही. म्हणजे नीट लपवलंय.” निघताना तिच्या हातात मूठभर पिवळ्या चिठ्ठ्या मात्र देऊन आले होते.

सहा महिन्यांनी तिथे प्रत्येकाने आपलं काम मांडायचं आणि त्यावरून कुणाला पुढचे सहा महिने ठेवायचं ते ठरायचं. मुमताजच्या औषधाने कर्करोगाच्या पेशी पटापट मरत होत्या. सगळे खूश. हिला मात्र ते जरा जास्तच चांगलं, म्हणून संशयास्पद वाटलं. तिने पेशी वाढवायच्या उबदार पेटीला पिवळी चिठ्ठी बांधली आणि दुसरा थर्मामीटर लावून पाहिला. पेटी भलतीच तापत होती. पेशी उष्णतेने मरत होत्या, औषध काहीच करत नव्हतं. काम मांडणं दोन दिवसांवर आलेलं असताना तिचा काकांना रडत फोन आला.

“काका, हे सांगितलं तर मला घरी पाठवतील.”

“परत तपासलंस?”

“तीनदा.”

“मग होल्ड काढायचा न्हाई. घरी यायची वेळ आली तर मी न्यायला येतो.”

पुढचे दोन दिवस त्यांनी दुधाच्या पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही, तेव्हा मी खरा घाबरलो. तिने सगळ्यांसमोर खरं सांगितलं आणि त्यासाठीच तिला ठेवून घेतलं. “चूक दाखवली म्हणून ठेवली?” काका म्हणाले, “सर, असं कुठं असतं का?”

गेल्या रविवारी ती प्रयोगवही घेऊन अभ्यासिकेत आली. पेटीचा दोष सापडला त्या दिवसाच्या पानावर तपासणाऱ्याच्या सहीखाली तिने थोडी जागा राखली होती. “इथं तुमची सही, काका.”

“मला अधिकार न्हाई, पोरी.”

“पेटी तुमच्याच चिठ्ठीनं पकडली की.”

काकांनी ओळींखाली बोट फिरवत अख्खं पान वाचलं. त्यातलं किती कळलं देव जाणे. मग सही केली आणि खिसे चाचपले. सगळ्या चिठ्ठ्या पिवळ्याच. एकीवरचा ‘होल्ड’ त्यांनी खोडला, वर सावकाश ‘पास’ लिहिलं आणि ती वहीला बांधली. दाराकडे एक नजर टाकून ते हळूच म्हणाले, “साहेबांना सांगू नका.”

साहेब वारले त्याला सात वर्षं झाली. काकांना त्याचीही अजून पुरती खात्री नसावी.