बैलगाडीवाला जिथे उतरतो

दिगू गेल्याचं मला कॉलेजच्या फळ्यावरून कळलं. फळ्यावर त्याचं पूर्ण नाव होतं, दिगंबर, पुढे वडिलांचं नाव, आडनाव आणि खाली शोकसभेची वेळ. ते वाचून मी पुढेही गेलो. त्याला दिगंबर असं आमच्यात कोणी म्हणतच नसे. जिन्यापाशी ते नाव मनात पुन्हा आलं आणि मी मागे फिरलो... शोकसभेत जिमखान्याच्या सरांनी मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. त्याला आता काही आठवडे झाले. लिहून तरी जमेल असं वाटतंय, खात्री नाही.

दिगू मानपाड्याचा, घरची भातशेती. आम्ही डोंबिवलीत चाळीत राहणारे, वडील रंगाच्या कंपनीत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या वर्षाला सरांनी दिवाळीच्या सुट्टीत सायकलींवरून माळशेज घाटात जायचं ठरवलं. घाटात कोणी कोसळू नये म्हणून आधी इथल्याच चढांवर परीक्षा घ्यायची, जो सायकलवरून उतरेल तो गळाला, असा नियम. परीक्षेचा रस्ता शोधायचं काम त्यांनी दिगूला दिलं, कारण आसपासचे सगळे रस्ते त्याला ठाऊक होते. आणि दिगूने मला बरोबर घेतलं. मला त्या सहलीला जायचंच होतं. लग्न, मयत किंवा कामाशिवाय आमच्या घरातलं कोणी कधी कुठे गेलेलं नव्हतं. सायकल वडिलांची होती, मागे जड कॅरिअर असलेली, आणि ती मला फक्त रविवारी मिळायची. चाळीतले लोक विचारायचे, कॉलेजात आता सायकल शिकवतात काय रे? मी मान खाली घालून निघायचो.

पहिल्या रविवारी आम्ही शीळफाट्याकडे गेलो. दिगूने तो रस्ता नापास केला. नुसता लांब आहे, म्हणाला, आणि ट्रकवाले आपल्याला घाटाआधीच वर पोचवतील. मग नेवाळीवरून मलंगगडाकडे वळलो. चढ किती कठीण हे कसं ठरवायचं, मला कळेना. मी पुस्तकातला कोन वगैरे काढत बसलो होतो. दिगूने सरळ विटा घेऊन जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्याला गाठलं आणि विचारलं, मामा, गाडीवरून उतरून बैलांबरोबर चालायला कुठे कुठे लागतं? तो म्हातारा हसला. बैल बोलत नाय म्हणून उतरायला लागतं, म्हणाला, आणि त्याने जागा सांगितल्या. दिगूने त्या सगळ्या जागा जोडून रस्ता तयार केला. गाडीवाला जिथे उतरतो, तिथे आपण उतरायचं नाही. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी वर्गात सांगितलं.

पण गडाच्या पायथ्याकडचा शेवटचा चढ मला कधी जमलाच नाही. दर रविवारी मी अर्ध्यावर थांबायचो. छाती फुटेल असं व्हायचं. दिगूही माझ्याबरोबर उतरायचा, सायकल झाडाला टेकवायचा आणि रस्त्याकडे पाठ करून शेताकडे बघत राहायचा. मला वाटायचं, माझी धाप ऐकून मला लाज वाटू नये म्हणून तो तोंड फिरवतो. एकदा मी म्हटलं, तू जा पुढे, माझ्यामुळे तुझा सराव बुडतो. तर म्हणाला, "गप रे. वर काय माझी सासुरवाडी आहे?"

परीक्षेच्या दिवशीही तेच झालं. बाकीची मुलं पुढे गेली आणि त्याच चढावर माझा पाय जमिनीला लागला. सर मागून स्कूटरवर येत होते. दिगू माझ्या आधीच उतरला होता, त्याने माझ्या सायकलची चेन ओढून पाडली आणि काळे हात वर करून सरांना दाखवले. चेन पडली म्हटल्यावर सरांनी ते उतरणं धरलं नाही. चेन बसवायला त्याने बराच वेळ लावला... तेवढ्यात मला श्वास आला. मी माळशेजला गेलो. दिगू आला नाही. भातकापणी आहे, म्हणाला, आणि मी ते खरं मानलं. पुढे तो कॉलेजात यायचा बंद झाला, तेव्हाही शेतीचंच काम असेल असं मी धरलं.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. आत नातेवाईक बसलेले. त्याच्या आईने सगळ्यांना सांगितलं की आमच्या दिगूसाठी चढावर थांबायचा तो हाच पोरगा. बायका माझ्याकडे मायेने बघायला लागल्या. एकीने चहा पुढे केला. तो कप हातात घेऊन मला बसवेना.

"काकी, मी त्याच्यासाठी नव्हतो थांबत," मी म्हणालो. "मलाच दम लागायचा. तो माझ्यासाठी थांबायचा."

ती मग म्हणाली, "दवाखान्यात सांगितलान त्यानं मना. बोलला, आये, तो थांबायचा म्हनून बरं. नायतर मनाच उतरायला लागलं असतं."

लहानपणच्या तापात त्याच्या काळजाची झडप खराब झालेली, हे मला तिथे कळलं. त्या वर्षभरात त्याची धाप वाढतच गेली होती. चढावर तो तोंड का फिरवायचा, चेन बसवायला इतका वेळ का लावायचा... मी दर रविवारी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता.

निघताना काकीने मला आतली खोली दाखवली. शेवटचे दोन महिने त्याला आडवं झोपता येत नव्हतं. खाटेवर बसून, भिंतीला डोकं टेकून तो रात्र काढायचा. तिथे भिंतीवर त्याच्या केसांच्या तेलाचा गोल डाग पडला आहे. घराला चुना मारायचा आहे, पण तेवढी जागा सोडायला सांगितली आहे, असं ती म्हणाली. मग मला खाटेवर बसवून चहाचा दुसरा कप आणायला गेली. जाता जाता म्हणाली, "टेकून बस रे, दमला असशील."

मी टेकलो नाही.