तेहोच्या पट्टीवर पारखलेली लेन्स

गेल्या जत्रेत अनातिल्दे फारफानबाईंनी फेकलेला तेहो शेजारच्या पट्टीत जाऊन पडला, आणि बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय हे सगळ्या गावाला कळलं. त्याआधी त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तेहो म्हणजे पाऊण किलोची लोखंडी चकती, समोर लांबवर तिरक्या फळीवर थापलेला चिखल, चिखलात लोखंडी कडं आणि कड्यावर बारुदाच्या चिमुकल्या पुड्या. त्या पुड्यांना आम्ही मेचा म्हणतो. मेचा फुटली की धडाका, धडाक्यावर बियर. आमच्या गावाची शेवटची फेक कित्येक वर्षं बाईंचीच.

खालच्या गावाच्या संघाचा म्होरक्या होआकीन त्या दिवशी मोठ्यानं म्हणाला, "दोन्या अनातिल्दे, बाईसाहेब, पुढच्या जत्रेला तेहो राहू द्या, काठी घेऊन या."

बाई घरी जाऊन सगळ्यात जाड रुआना, म्हणजे लोकरीचं पांघरूण, अंगावर ओढून बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तुंहा शहर गाठलं.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. ऑपरेशन करावं लागेल, आत लेन्स बसवावी लागेल, आणि लेन्स एका जातीच्या नसतात, म्हणाल्या. एक फक्त लांबचं स्वच्छ दाखवते. एक जवळचं, लांबचं दोन्ही दाखवते. शिवाय एका डोळ्याला लांबची आणि दुसऱ्याला जवळची, असंही करता येतं. "तुमचा दिवस कशात जातो, त्याचा विचार करून सांगा."

बाईंचा दिवस जायचा रुआनांच्या कडा शिवण्यात आणि संध्याकाळ मी चालवतो त्या तेहोच्या पट्टीवर. सुई नाकाजवळ, मेचा पार तिकडं. म्हणजे पंचाईतच.

बोगोताहून लेकीचा, योलिमाचा फोन आला. "आई, सगळं दिसणारी घे गं. माझ्या साहेबांच्या आईला तीच बसवलीय. चष्म्याचं नाव नाही."

"तुझ्या साहेबाची आई संध्याकाळी दिव्याखाली तेहो खेळती का?"

"आई, तेहोसाठी डोळे करतात का कुणी?"

"मग कशासाठी करत्यात?" म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि तडक माझ्याकडं आल्या. आम्ही जुनी माणसं एकमेकांना कोम्पाद्रे, कोमाद्रे म्हणतो, म्हणजे दादा, ताई. "कोम्पाद्रे, उद्या दिवेलागणीला पट्टी मोकळी ठेवा. गावात ज्यांच्या डोळ्यांत लेन्स हाय, त्यांना मी बोलावलंय."

तिघं आले. एलिएसेर किराणावाला, त्याची लांबची. राकेल मास्तरीण, तिची सगळं दाखवणारी. सेनोन खाटीक, त्याला एका डोळ्यात लांबची, एकात जवळची. बाईंनी तिघांच्या हाती तेहो दिले आणि म्हणाल्या, "फेका."

एलिएसेरचा तेहो चिखलाच्या कडेला रुतला. राकेलचा निम्म्यातच धपकन पडला. सेनोननं मेचा फोडली.

"झालं तर मग!" बाई खूश. "सेनोनची लेन्स झकास."

एलिएसेर पोट धरून हसायला लागला. "अगं कोमाद्रे, लेन्सचं काय सांगतीस! ह्याच्या डोळ्यांवर पोतं घाल, तरी हा फोडील. आणि राकेलबाईंनी जन्मात तेहो उचलला होता का?"

बाईंनी तिन्ही तेहो उचलून बाजूला ठेवले. मला म्हणाल्या, "कड्यावर तुमच्या मनाला येतील तेवढ्या मेचा मांडा. ह्यांनी नुसतं बघून सांगायचं."

मी तीन मांडल्या, मधली मुद्दाम वाकडी. वरचा बल्ब लावला. भुरभुर सुरू झाली होती.

राकेल बराच वेळ बघत राहिली. "दिव्याभोवती बांगड्या दिसतायत हो. कडं दिसतंय, पण मेचा त्या चिखलात मिसळून गेल्यात. दोन असतील." मग तिनं बियरची बाटली उचलली आणि मागचं मुंगीएवढं अक्षर बिनचष्म्याचं घडाघडा वाचलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सेनोन म्हणाला, "तीन हायत. पण पुढं किती, मागं किती, त्याचा अंदाज डोळ्याला येत न्हाई. हाताला येतो."

"आणि तुझ्या हाताची लेन्स मिळती कुठं?" बाई म्हणाल्या.

एलिएसेरनं एकदाच बघितलं. "तीन. मधली वाकडी." मग बाटली वाचायला लांब धरली, आणखी लांब धरली, शेवटी खिशातला चष्मा काढला.

"सुईला चष्मा चालंल," बाई म्हणाल्या. "घरात बसून शिवायचं. पट्टीवर चष्मा घातला की भुरभुरीनं काचा भिजत्यात, वर चिखल उडतो. मला लांबची."

हे सगळं त्यांनी डॉक्टरीणबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "परीक्षा चांगली घेतलीत. पण प्रत्येकाचा डोळा निराळा. दिव्याच्या बांगड्या सगळ्यांना सारख्या दिसत नाहीत, काहींना पुढं जाणवतही नाहीत. तुमच्या बुबुळाला मात्र मुळात बाक आहे. साधी लांबची घातली तर मेचा पसरट दिसेल. तुम्हाला बाक काढणारी लांबची बसवू."

"बरं झालं बोललात. एलिएसेरचीच मागून घेणार होते मी."

आधी एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. जड उचलायची बंदी होती, ती त्यांनी पाळली. रोज पट्टीवर येऊन बाकावर बसायच्या आणि दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या. बंदी उठली त्या दिवसापासून चिखलाला उसंत मिळाली नाही.

जत्रेला खालचं गाव पुढं होतं. आम्हाला एक मेचा फुटायला हवी होती, आणि फेक एकच उरली होती. बल्ब लागले. होआकीन म्हणाला, "काठी कुठाय, दोन्या?"

बाई रेघेवर उभ्या राहिल्या. "दोनच उरल्यात कड्यावर. उजवीचा कोपरा भिजलाय, ती फुसकी निघंल. मी डावी फोडते."

होआकीननं डोळे बारीक केले. त्याला काही दिसलं नसावं.

तेहो वर गेला, बल्बच्या उजेडात एकदा चमकला, आणि असा धडाका झाला की मंडपातली कुत्री पळाली. होआकीन स्वतः फळीपर्यंत चालत गेला. उजवी मेचा जागेवर होती, कोपरा ओला. डावीच्या जागी नुसता धूर.

आमच्या पोरांनी बाईंना उचलून धरलं. वरूनच त्या ओरडल्या, "सोडा रे, माझा तेहो काढू द्या!" खाली उतरल्या, चिखलात हात घालून तेहो ओढून काढला, रुआनाला पुसला आणि होआकीनपुढं धरला.

"दिवे जळतायत तोवर अजून एक डाव होऊन जाऊ दे. का दमलास?"