वाळवलेली माती

विश्राम गेल्याची त्याच्या गावाहून तार आली तेव्हा मी प्रयोगशाळेत मातीची चाळणी झाडत होतो. तार वाचून खिशात ठेवली आणि चाळणी झाडून पुरी केली... त्याला आता सहा आठवडे झाले. रत्नागिरीच्या माती-तपासणी कार्यालयात आम्ही दोघे एकाच वर्षी लागलो. तो रानोमाळ हिंडून नमुने आणायचा, मी ते सांभाळायचो.

पोफळी गावाच्या वर, घाटमाथ्यावरच्या दाट रानात त्याला एक माती सापडली होती. काळी, हाताला हलकी, मुठीत दाबली की लोण्यासारखी निसटणारी. अशी माती ज्वालामुखीच्या राखेतून होते, असं पुस्तकात होतं. सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याचा खरा, पण तो युगांपूर्वी निवालेला. राख इथे कुठून येणार? साहेब हसले. विश्राम मात्र ज्याला त्याला सांगत सुटला की राख लागतच नाही, माथ्यावरचा पाऊस, गारवा आणि पालापाचोळा पुरतो. कातळ झिजून सुटलेलं लोह आणि अॅल्युमिनियम कुजत्या पाल्याला धरून ठेवतं, त्यातूनच ही माती होते. शेवटी साहेब म्हणाले, नमुने आण, वरच्या प्रयोगशाळेत पाठवू.

नमुने त्याने ओल्या फडक्यांत गुंडाळून आणले, माझ्या टेबलावर ठेवले आणि अंगात ताप म्हणून तसाच घरी गेला. आमच्याकडची रीत ठरलेली. आलेली माती गच्चीवर उन्हात वाळवायची, लाकडी ठोकळ्याने कुटायची, चाळायची. मी ते सगळं मन लावून केलं. चौथ्या दिवशी तो आला, पिशवीत हात घातला आणि कितीतरी वेळ कुटूनही न फुटलेले खडे बोटांत घोळवत राहिला.

"वाळवलीस होय रे?" मग खडे परत पिशवीत सोडत, "ही एकदा सुकली की परत पाणी धरत नाय. मेली ती."

वरून अहवाल आला, साधी माती. पाऊस सरल्यावर तो ताजे नमुने आणायला गेला, तर रान तोडलेलं आणि उतार कातळापर्यंत धुऊन गेलेला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. मला एक शब्द लावून बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या आयुष्यातली एकुलती एक गोष्ट मी उन्हात घातली, आणि ती आता कुणालाच परत आणता येणार नाही.

उरलेले खडे माझ्या टेबलावर एका बरणीत आहेत. विश्राम येता-जाता आपल्या पेल्यातलं घोटभर पाणी तिच्यात ओतायचा, वाकून बघायचा आणि निघून जायचा. आता ते मी करतो. कालही ओतलं... संध्याकाळपर्यंत पाणी खड्यांवर तसंच उभं होतं. मी ते मोरीत ओतलं आणि बरणीला झाकण लावलं.