इरल्यातलं उड्डाण

वैमानिकाच्या परीक्षेत आमच्या यजमानांना पहिल्या खेपेला नापास केलं ते त्यांच्या कानांनी. ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसत नाही. विमान सरळ चाललेलं असतं, पण कानातला तोल बिघडतो आणि वैमानिकाला वाटतं, आपण कलंडतोय. अशा वेळी अंगाला काय वाटतं ते सोडायचं आणि समोरच्या काट्यांवर विसंबायचं. हे अंगावर विसंबले. दुसऱ्यांदा नापास झाले असते तर कंपनी त्यांना विमानावरून काढून कचेरीत बसवणार होती.

परीक्षेआधीचा आठवडा आम्ही नागावला, माझ्या सासरी काढला. तिथे विमान नव्हतं, वाडी होती. मी सराव आखून दिला. भात लावताना पावसात पाठीवर घेतात ते पानांचं इरलं उलटं करून तोंडावर ओढायचं, म्हणजे हातातलं होकायंत्र तेवढं दिसेल. पडवीच्या पायरीवरून निघाल्यावर नाकासमोर जायचं, मी सांगेपर्यंत वळायचं नाही. मग दिलेल्या दिशेवर काटा धरून विहिरीपलीकडच्या वाकड्या माडापर्यंत. तो माड म्हणजे विमानांना वाट दाखवणारं रेडिओ केंद्र. टॉवर मी.

"कुठे निघालात?" मी टॉवरच्या आवाजात विचारलं.

"निघणाऱ्याला 'कुठे' विचारू नये गं!" पडवीतून सासूबाई.

हे निघाले. दिशा अचूक होती. पण विहीर जवळ येताच सासूबाई ओरडल्या, "अरे, डावीकडे! डावीकडे हो!" हे डावीकडे वळले ते थेट उकिरड्यात.

दुसऱ्या फेरीला माडावर चढलेला गडी वरून ओरडला, "दादा, उजवीकडं!" गडग्यापलीकडून शेजारीण ओरडली, "मागे फिरा!" यांनी सगळ्यांचं ऐकलं आणि कोंबड्यांचं खुराडं आडवं केलं.

संध्याकाळी मी सासूबाईंना बाजूला घेतलं.

"आई, ढगात अगदी असंच होतं. आतून आवाज येतो, वळ म्हणून. तो ऐकला की विमान डोंगरावर."

"आणि आतली माणसं?"

"तीही."

सकाळी त्या पाट घेऊन विहिरीपाशी जाऊन बसल्या. मी म्हटलं, आटोपलं.

हे निघाले. सासूबाईंनी तोंड उघडलं, "बाळ, उजवीकडे वळ, विहीर आली!"

विहीर चांगली लांब होती. माझ्या लक्षात आलं, आई मुद्दाम खोटं बोलतायत.

इरलं थबकलं, मग सरळ चालू लागलं.

"अरे, साप!"

सरळ.

"वडील हाका मारतायत तुला!"

पाऊल अडखळलं, पण दिशा सुटली नाही. शेवटी त्यांनी आवाज बारीक केला. "बाळ, चक्कर येतेय रे मला."

इरलं थांबलं.

"टॉवर," आतून आवाज आला, "आईकडे बघा. मी माडाकडे चाललोय."

आणि इरलं माडावर आपटलं. "केंद्रावर आलो, पुढची दिशा सांगा!"

सासूबाई पाट उचलून उठल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मेला माझंसुद्धा ऐकत नाही आता. होईल पास."

हे पास झाले. गावात मात्र वर्षभर बोललं जात होतं की हे आईचं ऐकेनासे झालेत, आणि ते यांना बायकोने शिकवलंय. सांगत फिरणाऱ्या सासूबाईच.