क्रेटांचं सुपरमार्केट

आमच्या सुपरमार्केटचा पहिला नकाशा फक्कीनं काढला. कबड्डीचं मैदान आखतात ना, तीच पांढरी फक्की. रस्त्याकडेचा गाळा बांधून झाला होता, वर स्लॅब पडला होता, पण खाली फरशी नव्हती आणि दाराला शटर नव्हतं. सूनबाई ओढणी कमरेला बांधून, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात फक्कीचा डबा घेऊन रेघा मारत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "अगं, दुकान काढतीस का लग्नाचा मांडव घालतीस?"

"दुकानच, आई. फक्त यात गिऱ्हाइकानं आत यायचं आणि हातानं सामान घ्यायचं."

आळे गावाच्या जवळच आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत आमचं किराणा दुकान. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या दुकानाच्या फळीमागं उभी आहे, त्याला पस्तीस वर्षं झाली. मालक, म्हणजे माझे यजमान, माल आणायचे आणि गिऱ्हाईक मी बघायची. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. तिथं मी चार माणसांत कधी बोलले नाही. इथं फळीमागं उभी राहिले आणि तोंड उघडलं, ते अजून मिटलं नाही असं मालक म्हणतात. बोरीच्या बाया, पिंपरी पेंढारच्या बाया रस्त्यानं जाताना थांबायच्या आणि लांबूनच "वहिनी!" म्हणून हाक मारायच्या. कोण आलंय ते आवाजावरनं कळायचं आणि काय हवंय ते तोंड बघून. मागायच्या आधी सामान फळीवर. मला त्याचा गर्व होता. होताच, खोटं कशाला बोलू?

सूनबाई लग्नानंतर चाकणला एका मोठ्या दुकानात माल मांडायच्या कामाला होती. यंदा तिनं ती नोकरी सोडली आणि गावी आली. मुलगा अजून तिकडंच कंपनीत आहे, शनिवारी येतो. येताना तिनं एकच गोष्ट मागितली, तो रिकामा गाळा. त्या गाळ्यावर एका खतवाल्याचा डोळा होता. तो मालकांना दर दोन दिवसांनी फोन करायचा. मालकांनी सुनेला सरळ सांगितलं, "हे बघ पोरी, मला रॅकबिक काय कळत न्हाई. आपल्या गावच्या बाया आत येऊन हातानं सामान घेत्यात, एवढं मला डोळ्यांनी दाखव. न्हाई दिसलं तर गाळा खतवाल्याला." आणि गाळा गेला म्हणजे सुनेनं परत चाकणची वाट धरायची, हे न बोलताच सगळ्यांना कळलं.

रॅक अजून घेतले नव्हते. मग दाखवायचं कसं? टोमॅटोचा हंगाम सरला होता आणि आमचे क्रेट गोठ्याशेजारी रिकामे पडले होते. सुनेनं ते धुतले, एकावर एक चार असे फक्कीच्या रेघांवर मांडले आणि वर खरा माल लावला. तीन दिवस आम्ही दोघी त्यात होतो. मी काही गप्प बसणारी नाही. तिनं उदबत्ती फिनेलच्या शेजारी मांडली, तर मी म्हटलं, "देवाला काय संडासात बसवतीस का?" तिनं एका माणसाला पुरेल एवढीच वाट ठेवली, तर मी म्हटलं, "आपल्या बाया एकेकट्या येतात का कधी? सासू पुढं, सून मागं, आणि वाटेत भेटलेली तिसरी मध्ये. तुझे क्रेट आडवे होतील." ती हसली, चपलेनं फक्की पुसली आणि वाट रुंद केली. पोरगी गुणाची आहे. मला ती राहायला हवी होती, अगदी मनापासून.

चौथ्या दिवशी मी दहा-अकरा बायांना बोलावलं. दाराशी माझी खुर्ची होती. मालक बाहेर कडुनिंबाखाली हात मागं बांधून उभे. बाया आल्या, फक्कीच्या पहिल्या रेघेपाशी थांबल्या आणि पुढं पाऊल टाकीनात.

"वहिनी, अर्धा किलो साखर द्या की," एक म्हणाली.

"अगं, ती काय समोर आहे. घे हातानं."

"न्हाई बाई, तुमीच द्या. आमी कसा हात लावायचा?"

आणि मी उठले. काय करणार, पस्तीस वर्षांची सवय. साखर दिली. तेवढ्यात दुसरी म्हणाली चहापत्ती, तिसरी म्हणाली पोहे. अर्ध्या तासात मी अकराही बायांचं सामान त्यांच्या हातात ठेवलं. कुणी "आज काय केलंत" विचारलं, कुणी आपल्या सुनेच्या बाळंतपणाचं सांगितलं, मजेत वेळ गेला. बाया खूश होऊन गेल्या. मीही खूश. वळून बघते तर सूनबाई तेलाच्या क्रेटाशी उभी, चेहरा एवढासा झालेला.

मालक आत आले. "झालं का समाधान? एक तरी बाई आत आली का?" असं म्हणून ते निघून गेले.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती, मी भाजी निवडत होते. ती परातीकडं बघतच म्हणाली, "आई, रागावू नका. तुम्ही उठता म्हणून त्या मागतात."

झालं! माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मीच नडते व्हय तुला? ज्या बाया माझ्यासाठी येतात, त्यांच्यात मीच नडते?" भाजी तिथंच टाकली आणि उठले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. चहा तिनं आणून ठेवला तर थंड होऊ दिला. मालकांनी दोनदा "काय झालंय?" विचारलं, त्यांनाही सांगितलं नाही. आतून मात्र मला कळत होतं की ती खोटं बोलली नव्हती, आणि त्याचाच राग जास्त येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी खतवाल्याचा फोन वाजला. मालक म्हणाले, "परवा या भाऊ, बोलून घेऊ." सूनबाई ओट्याशी होती. तिनं नळ बंद केला आणि नुसती उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले. "उद्या परत बोलाव सगळ्यांना," म्हटलं. "मी माहेरी गेले म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले, म्हणजे गाळ्यातच मागच्या क्रेटांच्या आड, मिरचीच्या पोत्याशेजारी पाटावर बसले. क्रेटाच्या फटीतून सगळं स्वच्छ दिसत होतं. नाकाला पदर लावला होता, नाहीतर मिरचीनं माझी फजिती केली असती. बाया आल्या. "वहिनी कुठायत?" सगळ्यांनी विचारलं. मला बरं वाटलं. सुनेनं मी माहेरी गेल्याचं सांगितलं, प्रत्येकीच्या हातात एक टोपली दिली आणि स्वतः लांब जाऊन वहीत डोकं घातलं.

बराच वेळ कुणी हललं नाही. मला वाटलं, आता या घरी जाणार. मग एक पुढं झाली आणि तिनं पटकन काडेपेटी उचलून टोपलीत टाकली. कुणी ओरडलं नाही. दुसरीनं शेंगदाणे उचलले, खाली ठेवले, दुसरी पिशवी उचलली. मग जे सुरू झालं ते विचारू नका. "अगं, हिकडं ये, हे बघ!" "हे लई महाग दिसतंय, ठेव परत." "हे काय असतं गं?" एकीनं तर पापडाची पाकिटं उन्हाकडं धरून एकेक तपासली. मी गालातल्या गालात हसत होते. मालक कडुनिंबाखालून दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले.

त्यांच्यात माळावरची एक बाई होती. माझ्याच वयाची. नवऱ्याबरोबर मेंढरांमागं लांब लांब फिरलेली, आता दोन एकर करते आणि वीसेक मेंढरं राखते. ती आमच्या पायरीवर आली की माझा हात आपोआप लाल साबणाकडं जायचा. विचारायची गरजच नव्हती. तिला तोच लागतो, मला माहीत. ती साबणाच्या क्रेटापाशी आली, अगदी माझ्यासमोर, मध्ये फक्त एक फट. तिनं आजूबाजूला बघितलं आणि एक साबण नाकाशी नेला. तो ठेवला, दुसरा घेतला. सात प्रकारचे साबण होते, सातही हुंगले. डोळे मिटून. लाल साबण हुंगला आणि नाक मुरडून बाजूला ठेवला. मग परत जाऊन एक हिरवा घेतला, तो टोपलीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा हुंगला आणि ठेवला.

आणि मी तिला लालच देत आले होते. इतकी वर्षं!

मी उभी राहिले. कशी राहिले मलाच कळलं नाही. "अगं बाई, वहिनी हितंच!" म्हणून बाया किंचाळल्या, मग हसायला लागल्या. एक म्हणाली, "माहेर लई जवळ आलं की वो!" सगळ्या हसल्या, मीही हसले. माळावरची बाई तेवढी हसली नाही. तिचा हात टोपलीत गेला.

"वहिनी, आज जरा ह्यो घेतला व्हता," ती म्हणाली. "नको आसंल तर ठिवते परत."

"माझी कसली परवानगी मागतीस? घे की! पण मला कधी बोलली का नाहीस, लाल आवडत नाही म्हणून?"

ती जरा ओशाळली. "तुमी काढून ठिवलेला आसायचा. मायेनं द्यायच्या. मग कसं म्हनायचं?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तीच तर पंचाईत. भांडली असती तर मी भांडले असते. मी तिच्या टोपलीत हिरवा साबण नीट ठेवला आणि म्हटलं, "चुकलं माझं." असं मी फळीमागं कधी कुणाला म्हटलेलं नाही.

बाया टोपल्या घेऊन सुनेपाशी रांगेत उभ्या राहिल्या. मालक माझ्याजवळ आले. त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं होतं, तरी त्यांनी एकदम हो म्हटलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "ह्यात तुला कुठं बसायला जागा न्हाई बघ. तुझं काय? तू म्हनशील तसं." एवढ्या वर्षांत त्यांनी दुकानाचं मला कधी विचारलं नव्हतं.

मी सुनेकडं बघितलं. ती बायांशी बोलत होती, पण कान आमच्याकडंच होता. फक्कीच्या रेघांवर सगळीकडं पावलं उमटली होती. वाईट वाटलं का? वाटलं. फळी माझी होती. पण त्याहून जास्त बरं वाटत होतं, आणि ते का, हे मला नीट सांगता येणार नाही.

"खतवाल्याला फोन करा," मी म्हटलं. "दुसरीकडं जागा बघ म्हणावं."

सूनबाईनं तिथूनच डोळे पुसले आणि लगेच कुणाला तरी पोह्यांची पिशवी कुठं आहे ते सांगायला गेली.

बाया गेल्यावर ती माल परत पोत्यांत भरायला लागली, गाळ्याला अजून शटर नव्हतं ना. मी एक टोपली उचलली आणि दारापासून सुरुवात केली. दुकानदाराच्या बायकोनं वापरायचं म्हणजे काय, तर जे खपलं नाही ते, ज्याचं पाकीट फाटलं ते. साबणाच्या क्रेटापाशी आले आणि उभीच राहिले. इतकी वर्षं साबण विकले, पण मला स्वतःला कुठला वास आवडतो ते माहीत नव्हतं. पहिला उचलला आणि नाकाशी धरला.

सूनबाई पोतं घेऊन आली. "आई, हे साबण भरू का?"

"थांब गं जरा," म्हटलं. "गिऱ्हाईक बघतंय अजून."