सिंदीच्या पुढे चार कोस, मरियामावशीच्या गावी

मरियामावशीचं दुसरं पत्र आलं तेव्हा माझी बायको मार्था एवढंच म्हणाली, "आता तरी निघू या." पहिलं पत्र नाताळाच्या आधीच आलं होतं. पोस्टमनकडून लिहून घेतलेल्या चार ओळी: अंगात त्राण नाही, ये, आणि येताना वर्ध्याच्या फादरांना घेऊन ये. पण तेव्हा मी नागपूरला आमच्या चर्चमध्ये नाताळाचं नाटक बसवत होतो. मग चर्चची रंगरंगोटी निघाली. देवाचंच काम, असं म्हणत दिवस गेले.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. खरं तर आधी वर्ध्याला फादरांकडे जायला हवं होतं. मी म्हटलं, आधी तब्येत तर बघू. कोणाला तिकडे जायचं असेल तर सिंदीला उतरावं. कापसाच्या दिवसांत स्टेशनाबाहेर गावाकडे रिकामी परतणारी बैलबंडी सहज मिळते. आम्हाला आठ आण्यांत मिळाली. पुढे काळ्या मातीतली चाकोरी. पाणी सोबत ठेवा, वाटेत विहीर एकच आहे.

मावशी त्या गावची सुईण. ख्रिस्ती घर तिचं एकटीचंच. बंडीवाला म्हणाला, "माह्या तिन्ही पोराईच्या वक्ताले तेच धावली. पायलीभर जवारी देल्ली, तेबी घेतली नाई. म्हणे, हातातला गुण देवाचा हाय, मी काऊन इकू?"

मावशी खाटेवर होती. शेजारच्या गोदाबाई तिला पेज भरवत होत्या. मला बघून तिने आधी माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

"फादर कोठी हायेत?"

"उद्या आणतो, मावशी."

"काऊन उशीर केला रे बापू? मले पापं सांगाची हायेत."

"तुझी कसली पापं?"

"तू फादर हायेस का?"

मार्था हसली. मावशीही हसली, मग खोकत राहिली. गोदाबाईंनी आम्हाला भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी वाढली. चव उत्तम होती.

मंगळवारी उजाडताच पायी सिंदी गाठली आणि गाडीने वर्ध्याला गेलो. फादरांच्या दाराला कुलूप होतं. त्यांचा स्वयंपाकी अंगणात तांदूळ निवडत होता.

"फादर आर्वीकडच्या खेड्यांत गेले जी. शनिवारी येतीन."

"आमच्या मावशीला शेवटचा संस्कार हवाय. सिंदीच्या पुढे राहते."

"सिंदी? मागच्या हप्त्यात दोन दिवस तेथीच तर होते. एक कार्ड टाकाचं ना."

मी तिथेच पायरीवर बसलो. त्याने पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

उन्हं कलताना गावात पोचलो. मावशीच्या दारात माणसं बसली होती. मार्था बाहेर आली.

"दुपारीच गेल्या. मी रोझरी म्हणत होते. शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या."

आता पुरायचं कुठे? गोदाबाईंच्या नवऱ्याने आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, जागा दिली. "तिनं माह्या घरात पाच जीव सुखरूप आणले. तिले एवढी जागा नाई देऊ का?" त्याने स्वतः कुदळ मारली. मी पुस्तकातून प्रार्थना वाचली. भोवती पोरं कडेवर घेतलेल्या बाया उभ्या होत्या, ती सगळी पोरं मावशीच्या हातची. प्रत्येक प्रार्थनेनंतर 'आमेन' म्हणणारी मार्था एकटीच होती.

गुरुवारी नागपूरला परतलो. प्रवास स्वस्त आणि सोपा आहे. एका दिवसात कोणीही पोचू शकतो. हेच मला सोसवत नाही. दर रविवारी मी मुलांना शिकवतो की आपला वेळ, आपले हात, आपली बुद्धी ही देवाची ठेव आहे, आपण नुसते राखणदार. मावशीने हे कधी कोणाला शिकवलं नाही. त्या दिवसापासून प्रार्थनेला बसतो, पण शब्द येत नाहीत.

परतल्यावर आलेल्या पहिल्याच रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात आमच्या फादरांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं. नाटक, रंगरंगोटी, सगळ्याचा उल्लेख केला. म्हणाले, "देवाने दिलेला वेळ देवाला कसा द्यावा, हे या गुरुजींकडून शिका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. मार्था उठली आणि फाटकाबाहेर निघून गेली.