लाल गाडीचा जड क्लच

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. तयार कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. नमुन्याचा पहिला कपडा ते अजूनही मोठ्या कात्रीने हातानेच कापत. वय पन्नाशीला टेकलेलं. पण रस्त्यावर त्यांना मागूनच पाहावं. पुढे झुकलेली पाठ, टाकीला चिकटलेले गुडघे आणि खाली लालभडक स्पोर्ट मोटरसायकल. पुढून हेल्मेट निघालं की टक्कल आणि चष्मा बाहेर पडे, आणि शेजारच्या गाडीवरच्या तरुणांचा हिरमोड होई.

चष्मा ज्याच्या दुकानातला, तोच त्यांचा जिवलग दोस्त. त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीची काळी मोटरसायकल. दर रविवारी सकाळी दोघं शहराबाहेरच्या घाटापर्यंत जात आणि वर पोचल्यावर गाड्या शेजारी लावून भांडत.

"तुझी काळी उभ्या-उभ्या खडखडते रे. डब्यात खिळे भरल्यासारखी."

"खडखडते, पण पळते. तुझी नुसती नटून बसते."

पिकअप, ब्रेक, वळणावरची पकड, सायलेन्सरचा आवाज, कशावर म्हणून एकमत नाही. पण एक नियम दोघांनीही कधी मोडला नव्हता: दुसऱ्याच्या गाडीच्या हँडलला हात लावायचा नाही. चुकून आवडली असती, तर पुढच्या रविवारी बोलायचं काय?

मग लाल गाडीचा क्लच जड झाला.

मास्तरांनी आधी केबलला तेल सोडलं. मग केबलच बदलली. मग लिव्हर बदलला, मग क्लचप्लेटा. मिस्त्रीने लिव्हर दाबून पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, लोण्यासारखा चाललाय की."

"तुमचे हात पान्यांचे. तुम्हाला काय कळणार," असं म्हणून मास्तरांनी मिस्त्रीच बदलला. दुसराही तेच म्हणाला. मास्तरांच्या मते ते एकाच माळेचे मणी होते.

कारखान्यात कात्रीही अडू लागली होती. धार लावणाऱ्याला त्यांनी दोनदा झापलं. घरी बरणीचं झाकण फिरेना, तेव्हा हल्ली झाकणं मुद्दाम घट्ट लावतात, असा शोध लागला. बायकोने बरणी घेतली, उघडली आणि म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवा ना."

"काय, क्लच?"

ती हसली नाही. तिने बरणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यानंतर घरातलं प्रत्येक झाकण नुसतं टेकवलेलं असायचं. मास्तरांच्या ते लक्षात आलं, पण लक्षात आलेलं दाखवलं असतं तर बोलावं लागलं असतं.

दोस्ताला मात्र आयतं कोलीत मिळालं. "मी पहिल्यापासून सांगतोय, तुझ्या कंपनीला क्लच बनवता येत नाही. पैलवान ठेव एक मागच्या सीटवर."

मास्तर चिडायचे, पण आतून त्यांना बरं वाटायचं. गाडीला नावं ठेवली जात होती, म्हणजे दोष गाडीतच होता.

एका रविवारी घाटाच्या अलीकडे सिग्नलचा लाल दिवा लागला. मास्तरांची खोड अशी, की पहिला गिअर टाकून, क्लच दाबून हिरव्याची वाट पाहायची. थांबल्यावर न्यूट्रल करणारा माणूस त्यांच्या हिशेबी निवृत्त झालेला. डाव्या हाताच्या बोटांनी न विचारताच लिव्हर सोडून दिला. गाडीने पुढे उडी मारली, बंद पडली आणि मास्तरांना घेऊन आडवी झाली.

लागलं फारसं नाही. टाकीला पोचा आला. दोस्त आपली काळी स्टँडवर लावून धावत आला. त्याने लाल उचलली, क्लच दाबला आणि ढकलत कडेला नेली. मास्तर फुटपाथवर बसून बघत होते. त्याने क्लच दोन बोटांनी दाबला होता.

तो परत आला, शेजारी बसला. मग म्हणाला, "जड आहे रे खरंच."

त्यात टोमणा नव्हता.

"तुझी बघू," ते म्हणाले.

"कशाला आता? घरी जाऊ."

मास्तर उठलेच. ज्या गाडीला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिच्यावर बसले आणि क्लच दाबला. अर्ध्यावर बोटं थांबली. उजवा हात डाव्यावर ठेवून जोर लावला, तेव्हा कुठे लिव्हर हँडलला टेकला. त्या दोन गाड्या पहिल्यांदाच सारख्या निघाल्या होत्या.

डॉक्टरांनी अंगठा आणि बोटामधला खळगा दाबून पाहिला. तिथलं मांस आटत चाललं होतं. नसांचा आजार आहे, उजव्या हातातही उतरेल, असं त्यांनी सांगितलं. औषधाचं विचारल्यावर ते समजुतीने म्हणाले, "बिनक्लचच्या स्कूटर मिळतात हल्ली." कात्रीचं मास्तरांनी विचारलंच नाही.

आता कारखान्यात ते खडूने रेघा मारतात. कापतं दुसरं कुणी. लाल गाडी जिन्याखाली उभी असते. मास्तर जमेल तशी चेन पुसतात, चाकांत हवा आहे का बघतात आणि न्यूट्रलवर ती थोडा वेळ चालू ठेवतात. न्यूट्रलला क्लच लागत नाही.

दोस्त रविवारी अजून येतो. घाटात जात नाही; काळी बाहेर लावून पायरीवर बसतो. परवा त्याने गाडी बंद करायच्या आत मास्तर म्हणाले, "खडखडते रे तुझी. डब्यात खिळे भरल्यासारखी."

आणि ते उलट टोमण्याची वाट पाहत राहिले.

दोस्ताने काळीकडे पाहिलं, जिन्याखालच्या लाल गाडीच्या पोच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"हो रे," तो म्हणाला. "खडखडते खरी."